कपांचे कान कुठल्या बाजूला

दिवाळीच्या आधी आईने माळा आवरायला काढला आणि वरून माझी एक वही खाली आली. दोनशे पानी, पुठ्ठ्याचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. पहिली पंधरा-वीस पानं इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची गणितं, तीही अर्धवट. मग गणितं एकदम थांबतात आणि बाण सुरू होतात. वर, वर, डावा, खाली. पुढच्या पानावर स्केचपेनने रंगवलेले चार गोल: निळा, पिवळा, पिवळा, लाल. एका चौकोनात ४१७२. आणि त्याखाली दोन रेघा मारून, 'उशीखाली नाही!!'

आईने चष्मा कपाळावर सरकवला, पानं उलटली आणि वीस वर्षांपूर्वीचं एखादं लफडं आत्ता हाती लागावं तशी माझ्याकडे बघितलं.

"कुणाच्या उशीखाली?"

मग सगळं सांगणं भाग होतं.

२००५ साल. मिरजेत स्टँडजवळच्या एका बोळात सायबर कॅफे होता. तासाला वीस रुपये, अर्ध्या तासाला दहा. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक फुगीर मॉनिटर, आणि लाइट गेली की सगळे मिळून टुं-टुं करणारे यूपीएस. मेल बघायची, रिझल्टची तारीख बघायची, आणि उरलेल्या वीस मिनिटांचं काय करायचं हा प्रश्न, कारण पैसे तर अर्ध्या तासाचे दिलेले. एका मैत्रिणीने याहू मेसेंजरवर लिंक पाठवली. सोबत एवढंच: 'बाहेर पडून दाखव.'

तो 'क्रिम्सन रूम' नावाचा खेळ होता. आदल्या रात्री जरा जास्त झाली आणि जाग आली ती अनोळखी खोलीत, अशी त्याची सुरुवात. (मिरजेच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला यातलं पहिलं वाक्य परकं होतं. दुसरं कळायला काही प्यावं लागत नाही.) लाल भिंती, एक पलंग, पडदा लावलेली खिडकी, खण, बंद दार. काय करायचं हे कुणी सांगत नाही. शत्रू नाही, घड्याळ नाही, मार्क नाहीत. माऊस फिरवायचा आणि दिसेल त्यावर क्लिक करायचं.

अर्ध्या तासात मी बाहेर पडले नाही. आणखी दहा रुपये दिले. तरीही नाही. घरी जाताना बसमध्ये डोक्यात तो पलंगच होता.

हा खेळ केला तोशिमित्सु ताकागी या जपानी माणसाने, २००४ मध्ये, फ्लॅशवर, म्हणजे तेव्हा ब्राउझरमध्ये असे खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. एका खोलीत कोंडून घेण्याची कल्पना काही त्याची पहिली नव्हे. १९८८ मध्येच 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' नावाचा नुसत्या मजकुरावर चालणारा एक इंग्रजी खेळ आला होता, त्यात खेळणारा संडासात अडकलेला असतो. यान आल्बार्टसचा 'मिस्टरी ऑफ टाइम अँड स्पेस' २००१ पासून ब्राउझरमध्ये होता. त्यात एका खोलीतून सुटलं की पुढची खोली. आणि या सगळ्यांवर १९९३ च्या 'मिस्ट'ची सावली होतीच: निर्मनुष्य बेट, गप्प यंत्रं, आणि कुणी काही समजावून सांगायचं नाही. पण ताकागीने बेट, कथा, पुढची खोली हे सगळं काढून टाकलं आणि एकच खोली ठेवली. त्या लाल खोलीनंतर जपानमध्ये अशा खेळांचं पीकच आलं. तिकडे त्यांना 'दाश्शुत्सु गेम' म्हणतात. सुटकेचे खेळ, इंग्रजीत एस्केप गेम.

मराठीत मात्र या खेळाला साजेसं एक क्रियापद आयतंच आहे. आपल्याकडे कोडं सुटतं आणि माणूसही सुटतो. गाठ सुटते, गणित सुटतं, शाळा सुटते, शेवटची एसटी सुटते आणि सासुरवाशीण माहेरी आली की 'सुटले गं बाई' म्हणते. कोडं सोडवणं आणि स्वतःला सोडवणं या दोन गोष्टींसाठी आपण वेगळे शब्द केलेच नाहीत. एस्केप गेममध्ये नेमकं तेच होतं: कुलपाचा आकडा जुळतो आणि त्याच क्षणी आपण मोकळे.

आईला हे ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "अडकायचंच कशाला आधी?"

या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. या खेळात एक न बोललेली बोली असते: बाहेर पडायला जे लागेल ते सगळं या चार भिंतींच्या आत आहे. बाजारात जाऊन काही आणायचं नाही, कुणाची ओळख लावायची नाही, मागच्या जन्मीचं पुण्य लागत नाही. तुझे डोळे आणि ही खोली, बस्स. आयुष्यात अशी बोली कुणी करत नाही. नोकरी, लग्न, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, कुठेही अडकलो की लागणारी वस्तू भलत्याच खोलीत असते आणि तिची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात. एस्केप गेम वीस मिनिटं का होईना, पण नीट वागतो. चांगल्या खेळाचं सगळं चांगलेपण मला या बोलीत दिसतं, आणि वाईट खेळाचं सगळं वाईटपण ती मोडण्यात.

खोली लहान असते म्हणून तर ही बोली पाळता येते. मोठमोठ्या साहसी खेळांना ती कधीच नीट पाळता आली नाही. 'मंकी आयलंड'वाल्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच एक लेख लिहून आपल्याच जातीच्या खेळांचे वाभाडे काढले होते. त्याची एक तक्रार अशी, की कोडं समोर येण्याआधीच त्याचं उत्तर हाती लागता कामा नये. आधी विहीर दिसू दे, मग दोरी सापडू दे. आधी दोरी मिळाली तर खेळणारा ती कशासाठी आहे हे न कळताच पुढे जातो आणि विहिरीपाशी आल्यावर त्याला ती आठवत नाही. मोठ्या खेळापुरतं हे शंभर टक्के खरं. तिथे दोरी सापडलेलं गाव आणि विहिरीचं गाव यांच्यात तीन दिवसांचं अंतर असतं.

पण खोलीत हाच दोष गुण होतो. खणातून स्क्रू-ड्रायव्हर मिळाला, की ज्या भिंतीकडे तीनदा बघून झालंय तिच्याकडे चौथ्यांदा बघताना फक्त स्क्रू दिसतात. अरे, या चित्राच्या चौकटीला चार स्क्रू आहेत. मघाशी कसे दिसले नाहीत? खोली तीच, भिंत तीच, हातात आलेल्या एका वस्तूने नजर बदललेली. या खेळातलं सगळ्यात मोठं सुख हेच, दार उघडण्याचं नव्हे. आणि ते सुख मिळायला खोली अख्खी डोक्यात मावावी लागते. चार भिंती, डाव्या-उजव्या बाणांनी फिरायचं, पंधरा-वीस वस्तू. तीन खोल्या झाल्या की नकाशा काढावा लागतो, आणि नकाशा काढावा लागला की मी तरी खेळ बंद करते.

मोठ्या खेळांची गत काय झाली त्याचा एक किस्सा या वर्तुळात पंचवीस वर्षं सांगितला जातोय. १९९९ च्या 'गॅब्रिएल नाइट ३' मध्ये मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी नायकाला दुसऱ्या माणसाचं सोंग घ्यायचं असतं. त्यासाठी मांजराचे केस मिळवायचे, ते मेपल सिरपने चिकटवून मिशी करायची आणि ती लावायची. आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्या माणसाला मुळात मिशीच नाही! हे ज्याला सुचलं त्याच्या घरचे त्याच्याशी कसे बोलत असतील याचा मी अनेकदा विचार केलाय. खोलीच्या खेळात असा आचरटपणा होत नाही असं नाही, पण त्याला जागा कमी मिळते. चार वस्तू, सहा जागा. चुकत चुकत का होईना, माणूस पोचतो.

मग मी त्या लाल खोलीत का अडकले होते?

कारण ती खोलीही बोली मोडत होती. पलंगाच्या कडेला एका ठरावीक ठिकाणी क्लिक केलं तरच दिसणारी वस्तू. बोटभर इकडे क्लिक केलं तर काही नाही, बोटभर तिकडे तरी काही नाही. मी पलंगाकडे बघितलं होतं, पलंगावर क्लिक केलं होतं, पलंगच मोक्याचा आहे हे ओळखलंही होतं. डोकं बरोबर चाललं होतं, माऊस दोन मिलिमीटर चुकत होता. वहीतला 'उशीखाली नाही!!' हा आक्रोश त्याच काळातला. इंग्रजीत याला पिक्सेल हंटिंग म्हणतात. आपल्याकडचं नाव सांगायचं तर अंधारात सुईत दोरा ओवणं. सुई आहे, दोरा आहे, हात आहेत. फक्त कुणीतरी दिवा मालवलाय.

यावर आम्हा कॅफेतल्या मंडळींनी एक चोरवाट शोधली होती. फ्लॅशच्या खेळात कीबोर्डवरचं टॅब दाबलं की जिथे जिथे क्लिक करता येतं तिथे तिथे एक पिवळा चौकोन उमटायचा, एकामागून एक. पडदा, खण, खण, उशी, आणि हे काय, पलंगाच्या पायाशी हा कसला चौकोन? शेजारच्या कप्प्यातून कुणीतरी कुजबुजायचं, "टॅब मार की." पुढे निर्माते शहाणे झाले आणि टॅबची वाट बुजवायला लागले. पण मला आजही वाटतं, ज्या खेळात टॅब मारावासा वाटतो तो खेळ तिथेच हरलेला असतो.

माऊसचा बाण बटणावरून गेला की त्याचा पंजा होतो, तोही खरं तर टॅबचाच शाळकरी भाऊ. पंजा आला की समजायचं, इथे काहीतरी आहे. काही निर्माते पंजा मुद्दाम बंद करतात. म्हणतात, नुसता माऊस फिरवत बसू नका, बघा. तत्त्व म्हणून पटतं. पण मग जे बघायचंय ते दिसेल असं तरी काढा! करड्या गालिच्यावर करडं नाणं ठेवायचं आणि वर 'निरीक्षण करा' म्हणायचं, हे परीक्षेत छपाई पुसट ठेवून मार्क कापण्यासारखं आहे.

बोली मोडण्याचा दुसरा प्रकार जास्त सभ्य, म्हणून जास्त त्रासाचा. एका जपानी खेळात भिंतीवर एक अपुरं अक्षर होतं. तीन रेघा. दुसऱ्या भिंतीवर तेच अक्षर पाच रेघांचं, पूर्ण. मी त्याला चिन्ह समजले, जिन्याचं चित्र समजले, नळाच्या जोडणीचा नकाशासुद्धा समजले. नंतर कळलं, जपानात मोजणी करताना पाच रेघांचं एक अक्षर एकेक रेघ वाढवत पूर्ण करतात, आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो तसं. तिथल्या शाळकरी पोराला हे बघताक्षणी कळलं असणार. मला ते त्या खोलीत बसून जन्मात कळलं नसतं, कारण उत्तर खोलीत नव्हतंच, ओसाकाच्या कुठल्यातरी शाळेत होतं.

राग मात्र येत नाही. आपणही तेच केलं असतं. समजा मी एक खोली केली आणि भिंतीवर देवनागरीत १४५ लिहिलं. जपानी माणूस १ ला नऊ म्हणेल, ४ ला आठ आणि ५ ला चार. नऊशे चौऱ्याऐंशी दाबत बसेल आणि मला शिव्या देईल. आपल्या घरातली कुठली गोष्ट सगळ्या जगाला माहीत आहे आणि कुठली फक्त आपल्या आळीला, हे आळीत राहून कळत नाही. शिवाय तेव्हा कॅफेतल्या विंडोज एक्सपीवर जपानी फाँट नसायचा, म्हणून खेळाच्या पानावरच्या सूचना म्हणजे नुसत्या चौकोनी डब्यांच्या रांगा. मराठी मेलही तशीच यायची म्हणा. त्यामुळे डबे बघून उरलेला अर्थ लावण्याची सवय आम्हाला होतीच.

रंग हा तिसरा. माझ्या दादाला लाल आणि हिरवा यांत नीट फरक कळत नाही. सिग्नल तो जागेवरून ओळखतो. त्याला मी एकदा हौसेने एक खेळ दिला. चार फुलदाण्या, चार रंगीत बटणं. तो म्हणाला, "यात दोन खाकी आहेत." मी म्हटलं, "अरे, एक हिरवी, एक तांबडी." "मग तूच खेळ." बटणांवर रंगाबरोबर एखादी खूण काढली असती, एकावर ठिपका, एकावर रेघ, तरी काम झालं असतं. काही निर्माते आता काढतात. पियानोच्या सुरांवर बेतलेल्या कोड्यांचंही तेच. शेजारच्या कप्प्यात कुणीतरी परदेशातल्या भावाशी ओरडून बोलतोय आणि मी 'सा' की 'रे' ते ओळखतेय, असा प्रकार.

आणि मग वॉकथ्रू. कुणीतरी आधी सुटलेला मागच्यांसाठी पायऱ्या लिहून ठेवतो. पहिल्यांदा वॉकथ्रू उघडताना चोरी केल्यासारखं वाटतं, दुसऱ्यांदा वाटत नाही, आणि तिसऱ्यांदा खेळ सुरू करतानाच ब्राउझरच्या शेजारच्या टॅबमध्ये तो उघडलेला असतो. खोलीचा खेळ लहान असल्याचा तोटा इथे कळतो. मोठ्या खेळात एक उत्तर चोरलं तरी नव्वद उरतात. इथे कोडी सहा. दोन चोरली की उरलं काय?

तरी वॉकथ्रूचा एक उपयोग मी मान्य करते. उत्तर वाचल्यावर तोंडून काय निघतं त्यावरून कोड्याची जात कळते. लहानपणी आजी कोडं घालायची, 'पाटीलबुवा राम राम, दाढी-मिश्या लांब लांब'. आम्ही गावातले सगळे पाटील मोजून दमायचो. मग ती म्हणायची, कणीस. आणि आम्ही सगळे, "अरे हो की!" उत्तर माहीत नव्हतं, पण ऐकल्यावर ते सगळं कोड्यातच होतं हे दिसायचं. चांगल्या खोलीचं उत्तर वाचल्यावर असंच 'अरे हो की' निघतं. वाईट खोलीचं वाचल्यावर निघतं, 'हे कसं कळणार होतं?' माझ्यापुरती समीक्षा तिथेच संपते.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाखव बघू एक."

मी तिला टॅबलेटवर टेसशी-ई या जपानी निर्मात्याचा एक खेळ लावून दिला. या माणसाच्या खोल्या मला वर्षानुवर्षं आवडत आल्यात. स्वच्छ लाकडी फर्निचर, सोफा, एखादं झाड, मागे हळू वाजणारं संगीत. कोंडून घातलंय असं वाटतच नाही. चांगल्या घरी पाहुणे आलो आणि यजमान कुठेतरी गेलेत एवढंच.

आईची पहिली अडचण तीच निघाली. "कुणी घरात नाही आणि आपण खण उघडायचे?"

"तसाच खेळ आहे, आई."

तिने खण उघडला. आत एक छोटी किल्ली. ती घेतली. आणि पुढे जाण्याआधी खण बंद केला. दुसरा खण उघडला, रिकामा होता, बंद केला. कपाट उघडलं, बंद केलं. मी वीस वर्षांत शेकडो खोल्यांमधून बाहेर पडले असेन, सगळे खण वासलेले ठेवून, पोलिसांनी झडती घेतल्यासारखी. बंद करायला वेगळा क्लिक लागतो. तो तिने प्रत्येक वेळी केला.

मग ती एका चित्रापाशी थांबली. चित्रात ओळीने पाच कप. खाली सोफ्याजवळ एक डबा, त्यावर दोनच बटणं. मी मागून बघत होते आणि मला उत्तर माहीत आहे अशा थाटात होते, कारण कपांचे रंग वेगवेगळे होते आणि रंगांचं काहीतरी असणार हे उघड होतं. मी म्हटलं, "रंग बघ. असेच रंग खोलीत अजून कुठे आहेत ते शोध."

ती रंग बघतच नव्हती. "हे कप असे कुणी ठेवलेत? दोघांचे कान इकडे, एकाचा तिकडे, परत एकाचा इकडे. उचलताना हात फिरवावा लागेल की नाही?"

आमच्या स्वयंपाकघरात मांडणीवर कप असतात, सगळ्यांचे कान उजवीकडे. माझ्या आठवणीत तरी एकही कप डावीकडे तोंड करून राहिलेला नाही. राहिला तर पाणी प्यायला आलेली आई जाता जाता फिरवते, तिच्याही नकळत.

डावं, डावं, उजवं, डावं, उजवं. तिने बटणं दाबली. डबा उघडला. माझे रंग तसेच राहिले.

मला जे खोलीचं मोल वाटतं ते हेच. ती खोली जपानी, कप जपानी, पण कपाचा कान कुठल्या बाजूला आहे हे बघायला जपानी यावं लागत नाही. पाच रेघांचं अक्षर ओसाकातच कळतं. कपांचे कान मिरजेतही कळतात, माझ्यापेक्षा आईला लवकर कळतात. खेळ चांगला की वाईट ते या दोन भिंतींमधल्या फरकावर ठरतं, चित्रं किती सुबक आणि संगीत किती गोड यावर नाही.

या निर्मात्याच्या खेळांत शेवटी आणखी एक गंमत असते. दाराची किल्ली मिळते, दार उघडतं, जाता येतं. पण खोलीत एक नाणं लपवलेलं असतं, आनंदाचं नाणं म्हणा, आणि ते घेऊन बाहेर पडलं तर शेवट जास्त चांगला. म्हणजे सुटका झालेली असताना माणूस परत आत वळतो आणि तीच खोली पुन्हा शोधतो, आता भीती नाही, घाई नाही. नो१गेम या निर्मात्याचे 'फाइंड द एस्केप-मेन' हे खेळ तर याच्याही पुढे जातात. तिथे खोलीभर लपलेली दहा हिरवी माणसं शोधायची. मॉलमध्ये आणि सिनेमागृहात बाहेरच्या वाटेच्या पाटीवर धावणारा हिरवा माणूस असतो ना, त्याच्यासारखी. तो माणूसही मुळात जपानीच, युकिओ ओता यांच्या आराखड्यातला. बाहेरच्या वाटेचं चिन्हच आत लपून बसलंय, हा विनोद मला फार उशिरा कळला.

नाणं सापडलं. आई बाहेर पडली. पडद्यावर आभाराचा मजकूर आला. ती थोडा वेळ वाट बघत राहिली.

"पुढे?"

"झालं. सुटलीस."

"एवढंच? बाहेर काय आहे ते दाखवत नाहीत?"

नाही दाखवत. या खेळाचं हे उणेपण मी इतकी वर्षं बघितलंच नव्हतं. खोलीवर इतका जीव लावतात, आणि दाराबाहेर नुसता पांढरा पडदा. कुणी कोंडलं, का कोंडलं, विचारायची सोय नाही. एकदा सुटलेली खोली परत खेळण्यातही अर्थ नाही. पुस्तक पुन्हा वाचता येतं, कोडं पुन्हा सोडवता येत नाही, विसरायला दहा वर्षं जावी लागतात.

काहींनी हे भरून काढायचा प्रयत्न केला. 'रस्टी लेक' या डच जोडगोळीने २०१५ पासून 'क्यूब एस्केप' नावाने छोट्या खोल्यांची मालिका केली आणि सगळ्या खोल्या एका विचित्र, काळसर गोष्टीत ओवल्या. त्यातली एक खोली म्हणजे व्हॅन गॉगची आर्ल्सची झोपायची खोली, १८८८ मधल्या चित्रातली, तोच पलंग, त्याच खुर्च्या. चित्र माहीत असलेल्याला अंगावर काटा येतो. पण मी जरा कुरकुरतेच. गोष्ट आली की कोडी स्वप्नासारखी वागायला लागतात, आणि स्वप्नात बोली कोण पाळतं? तिथे मी कोडी सोडवत नाही, जे होतं ते बघते. बघायला छान आहे. आईने दहा मिनिटांत ठेवून दिलं. "हे अशुभ आहे."

खऱ्या खोल्यांचं काय, हेही तिने विचारलं. क्योतोच्या 'स्क्रॅप' या संस्थेतल्या ताकाओ कातो यांनी २००७ मध्ये हाच खेळ पडद्यातून काढून खऱ्या खोलीत मांडला आणि आता तो जगभर आहे, पुण्यातही. ऑफिसने एकदा नेलं होतं. आठ जण, साठ मिनिटं, भिंतीवर उलटी धावणारी घड्याळाची लाल अक्षरं. दोघं बोलत राहिले, बाकीचे ऐकत राहिले, आणि एकाने एसीचा रिमोट खोलून बघितला. स्विचबोर्डवर चिठ्ठी होती, हा खेळाचा भाग नाही. अख्ख्या खोलीत मला तेवढी चिठ्ठी आवडली. बोली कागदावर लिहिलेली मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

वहीतल्या खोल्या आता कुठे आहेत, तेही बघितलं. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, १२ जानेवारी २०२१ पासून उरलेसुरले प्लेअरही खेळ चालवेनासे झाले. हौशी माणसांनी 'फ्लॅशपॉइंट' नावाच्या संग्रहात लाखाहून जास्त खेळ वेळेत उचलून ठेवले, 'रफल' नावाच्या सॉफ्टवेअरवर त्यातले बरेच परत चालतात. पण बाकीच्या खोल्यांमध्ये आता आत जायलाच दार नाही. फोनवर नवीन खोल्या येतात. तिथे पंजा नाही, कारण बोटाखाली बाण नसतो. वर बोट जिथे टेकतं तेच झाकतं. हिंट हवी तर तीस सेकंदांची जाहिरात बघा. आणि काही खेळांत कोडं इतकं आडमुठं असतं, की ते जाहिरात खपावी म्हणूनच तसं ठेवलंय असा मला संशय येतो. त्यापेक्षा सायबरवाला बरा होता. दहा रुपये घ्यायचा, पण पलंगाची कड त्याने लपवली नव्हती.

मी पुण्याला परतताना टॅबलेट मिरजेतच ठेवून आले. वहीही. रद्दीत टाकू का म्हणणाऱ्या आईने तिच्यात दीडशे कोरी पानं आहेत हे हेरलं होतं, आणि कोरी पानं ती वाया घालवत नाही. आता एका बाजूने दुधाचा हिशोब चालतो आणि दुसऱ्या बाजूने कुलुपं.

परवा रात्री तिचा फोन आला.

"अगं, दूधवाला पैशाला आलाय. या पानावर चार, एक, दोन, दोन लिहिलंय. हे दूध की कुलूप?"

"चार लिटर तू कधी घेतेस आई? कुलूपच असणार."

"असं कसं? भाऊबीजेला घेतलं होतं की चार." मग फोन बाजूला धरून, "थांबा हो जरा, मुलीला विचारतेय."